डेव्हटूल्सचा कमांड मेनू: दिवाळीपासून रोज वापरल्यावर

गेल्या दिवाळीपासून क्रोमच्या डेव्हटूल्समधला (वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी ब्राउझरमध्येच असलेल्या साधनांमधला) कमांड मेनू रोज वापरतोय; त्यात नाव टाइप केलं की हवं ते साधन उघडतं. लातुरात कोचिंग क्लासेस, मंगल कार्यालयं, बियाण्यांची दुकानं यांच्या वेबसाइट बनवणं हा माझा धंदा, आणि सगळं काम एका छोट्या लॅपटॉपवर. डेव्हटूल्स उघडलं की निम्मी स्क्रीन तिथंच जाते. वर तीन टिंबांच्या आत मेनू, त्याच्या आत 'मोअर टूल्स'. आता एफ१२ नं डेव्हटूल्स, मग कंट्रोल-शिफ्ट-पीनं कमांड मेनू आणि हवं त्याची दोन-चार अक्षरं. पूर्ण नावही लागत नाही. 'कव्हरेज' (पानातला किती कोड खरंच वापरला जातो ते दाखवणारं साधन) माउसनं कुठून उघडायचं हे मला आता आठवतही नाही.

पैसे वसूल म्हणावं अशी कमांड 'कॅप्चर फुल साइज स्क्रीनशॉट'. इकडच्या गिऱ्हाइकाला लिंक पाठवली तर तो उघडत नाही, "फोटो टाका की" म्हणतो. कंट्रोल-शिफ्ट-एम करून मोबाइलची रुंदी घ्यायची, मग ही कमांड. वरपासून तळापर्यंत अख्खं पान एका इमेजमध्ये डाउनलोड होतं. व्हॉट्सॲपवर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून गेली तर बारीक अक्षरं पुसट होतात. स्क्रोल केल्यावरच लोड होणारे फोटो असतील तर आधी खालपर्यंत जाऊन या, नाहीतर त्या जागा रिकाम्या येतात. एकच चौकट हवी असेल तर 'एलिमेंट्स' टॅबमध्ये (जिथं पानाचा कोड दिसतो) ती निवडून 'कॅप्चर नोड स्क्रीनशॉट'.

जूनमध्ये ॲडमिशनच्या गर्दीत फी पावतीचं डिझाइन करताना 'प्रिंट' टाइप केलं आणि 'एम्युलेट सीएसएस प्रिंट मीडिया टाइप' सापडलं. छापल्यावर पान कसं दिसेल ते स्क्रीनवरच कळतं; रिमभर कागद वाचला असेल. पानातला जावास्क्रिप्ट कोड बंद करून पाहायला 'डिसेबल जावास्क्रिप्ट'ही कामाचं आहे, फक्त डेव्हटूल्स बंद केलं की त्याचा परिणाम संपतो.

वैताग कुठं येतो? फोकस. क्लिक पानावर झालेलं असेल तर विंडोजवर कंट्रोल-शिफ्ट-पीनं प्रिंटचा डायलॉग उघडतो. आधी डेव्हटूल्समध्ये कुठंतरी क्लिक करायचं, एवढं हाताला वळण लावावं लागलं. दुसरं, क्लायंटचा मराठी मजकूर टाइप करता करता मेनू उघडला की कीबोर्ड देवनागरीतच असतो आणि यादीत काहीच येत नाही. मी डेव्हटूल्स इंग्रजीतच ठेवलंय, त्यामुळं दर वेळी कीबोर्ड बदलणं आलंच.

मेनूत सुरुवातीला असलेलं '>' चिन्ह खोडलं तर तिथंच फाइल शोधता येते, '!' टाकलं तर साठवलेली स्निपेट (कोडचे छोटे तुकडे) चालवता येतात. स्निपेटच्या नादी मी फारसा लागलो नाही.

एज ब्राउझरमध्ये हाच मेनू, हाच शॉर्टकट. फायरफॉक्समध्ये मात्र कंट्रोल-शिफ्ट-पी दाबलं की प्रायव्हेट विंडो उघडते. तिथं अख्ख्या पानाचा स्क्रीनशॉट हवा असेल तर डेव्हटूल्सच्या कन्सोलमध्ये (कमांड टाइप करायच्या टॅबमध्ये) कोलन देऊन 'स्क्रीनशॉट', जागा सोडून दोन डॅश आणि 'फुलपेज' असं इंग्रजीत टाइप करा.