थकीत घरपट्टी: आत्ता भरायची की अभय योजनेची वाट पाहायची?

महाराष्ट्रातल्या महापालिका थकीत मालमत्ता करावर दरमहा 2 टक्के शास्ती लावतात, म्हणजे वर्षाला 24 टक्के. 20,000 रुपये थकले तर महिन्याला 400, दोन वर्षांत 9,600. त्यापेक्षा 14 टक्क्यांचं कर्ज काढून भरणंही स्वस्त.

थांबलात आणि शास्तीत 75 टक्के सूट देणारी अभय योजना आली, तर 9,600 ऐवजी 2,400 भरून सुटका. मोह होतोच! पण मूळ करात सूट नसते, योजना येईलच याची हमी नसते, आणि मधल्या काळात जप्तीची नोटीस दारात येऊ शकते.

थोडीथोडी रक्कम भरणार असाल, तर ती आधी शास्तीत वळती होते की मूळ करात, हे कर विभागात विचारा. शास्तीत गेली तर मूळ बाकी तशीच, आणि पुढच्या महिन्याचे 400 सुद्धा.