ऑर्डर आली म्हणून उरलेले पैसे भरू नका

आमच्या बचत गटाची तयार कुळीथ पिठी. भाजलेल्या कुळथाचं पीठ, त्यातच लसूण, मिरची आणि आमसुलाची पूड. पाण्यात कालवायची, उकळायची, झालं. कुडाळच्या बाजारात आणि मुंबईच्या प्रदर्शनात चांगली खपली, तेव्हा आता दुकानांत उतरायचं असं आम्ही दहाजणींनी ठरवलं. प्रदर्शनानंतर पंधरा दिवसांत एका मार्केटिंग एजन्सीचा फोन आला. "ताई, माल तुमचा, बाजार आमचा." लाँचिंगचं पॅकेज जीएसटी धरून १,१८,००० रुपये. त्यात बारकोड, ट्रेडमार्क, चार जिल्ह्यांत डिस्ट्रिब्युटर. निम्मे आधी, निम्मे ऑर्डरी आल्यावर. या अटीमुळेच आमचा विश्वास बसला.

आठव्या दिवशी ऑर्डरी आल्या. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, प्रत्येकी दहा बॉक्स. त्याच दुपारी उरलेले ५९,००० पाठवले. मग महिनाभर रात्री जागून २,४०० पाकिटं भरली आणि ४५ दिवसांच्या उधारीवर पाठवली.

पैसे आलेच नाहीत. एजन्सीला फोन केला की एकच उत्तर, माल हलत नाही, जाहिरातीसाठी आणखी ६०,००० भरा. शेवटी एका टेम्पोतून ३१ बॉक्स परत आले. माझ्या जाऊबाई बॉक्सवर स्केचपेनने नंबर घालतात तो अर्धा चिकटपट्टीवर, अर्धा पुठ्ठ्यावर. २७ बॉक्सांवर तो जसाच्या तसा जुळत होता. पट्टी निघालीच नव्हती! माल एकाही दुकानाच्या फळीवर लागला नव्हता. मग चारही ऑर्डरी शेजारी ठेवल्या. गावं चार, अक्षर एकच, आणि 'कुळीथ' चारही ठिकाणी सारखंच चुकीचं लिहिलेलं. सांगलीच्या पत्त्यावर गेले, तर गाळ्याला कुलूप. शेजारचे म्हणाले, वर्षभर उघडलेला नाही. पिठीची मुदत सहा महिन्यांची, त्यातले दोनच उरले होते. बरीचशी फेकावी लागली. ती फेकताना एकीलाही रडू आवरलं नाही.

डिस्ट्रिब्युटर नेमण्याआधी त्याच्या गोदामात स्वतः जा. तो आणखी कुणाचा माल उचलतो ते बघा, त्याच्या भागातल्या किराणावाल्यांना त्याचं नाव विचारा. गोदामात भरलेला माल म्हणजे विक्री नव्हे. गिऱ्हाइकानं दुकानातून दुसऱ्यांदा नेलं ती विक्री. हल्ली आम्ही सावंतवाडीच्या एका दुकानात पन्नास पाकिटं ठेवतो, संपली की ते फोन करतात. उद्यम नोंदणीचे, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचे, एजन्सीनं ३,५०० लावले होते. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते वेगळंच. ट्रेडमार्कचा अर्ज एजन्सीनं स्वतःच्याच नावानं केला होता. आमच्या पिठीचं नाव, आणि मालक ते! अर्ज कुणाचा आहे हे ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही विनामूल्य पाहता येतं. आम्ही पाहिलंच नव्हतं. पैसे भरले असतील तर अर्जदाराच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते आजच बघा. ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून ४ महिन्यांत विरोध नोंदवता येतो. आम्हाला कळलं तेव्हा १९ दिवस उरले होते. आम्ही विरोध दाखल केला आहे. हे नाव त्यांच्या आधीपासून आम्ही वापरतो याचा पुरावा म्हणून प्रदर्शनातल्या पावत्या जोडल्या आहेत. सुनावणी अजून व्हायची आहे.