एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) टेस्टिंगचा आमचा अनुभव (मुंबईतलं सरकारी हॉस्पिटल)

लेक पाचवीत, तोंडी सगळं फाडफाड सांगते पण लिहायला बसली की जोडाक्षरं गायब, म्हणून शाळेचं पत्र घेऊन गेलो. अपॉइंटमेंटला चार महिने लागले, हा एक स्टार तिथेच कापला. पण टेस्टिंग खरंच मनापासून करतात, आधी डोळे आणि कान तपासले, मग आयक्यू, मग वाचन, लेखन, गणित वेगवेगळं, आणि मॅडमनी नीट समजावलं की बुद्धी चांगली असून वाचन-लेखन बरंच मागे असेल तरच हे स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटीत बसतं, नुसते मार्क कमी म्हणून नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत हे आहे हे मला तिथेच कळलं!! ८ वर्षांच्या आधी सर्टिफिकेट देत नाहीत म्हणे, त्यामुळे पहिली-दुसरीतल्या मुलांचे आईबाबा उगाच घाबरू नका, पण रेमेडियल (अशा मुलांना वेगळ्या पद्धतीने शिकवणं) मात्र लगेच सुरू करा, त्याला कागद लागत नाही. खेपा चार झाल्या, डबा आणि पाणी सोबत न्या. सर्टिफिकेटमुळे बोर्डात जास्तीचा वेळ मिळेल. पोरगी येताना म्हणाली, आई म्हणजे मी ढ नाहीये ना? रडूच आलं मला.