कुंडीतल्या लिंबाची पानं पिवळी: हिराकस, चिलेटेड लोह की एप्सम सॉल्ट?

कृषी सेवा केंद्रात जाऊन "लिंबाची पानं पिवळी पडलीत" एवढंच सांगितलं की बहुतेक वेळा मायक्रोन्यूट्रिएंटची (सूक्ष्म अन्नद्रव्यांची) बाटली हातात पडते. नेटवर शोधलं तर जो तो एप्सम सॉल्ट सुचवतो. दोन्ही वस्तू चांगल्याच आहेत, पण तुमच्या झाडाचं दुखणं तेच असेल असं नाही. तेव्हा खरेदीआधी पिवळं पान फांदीवर नेमकं कुठे आहे ते बघा.

शेंड्याची कोवळी पालवी पिवळी आणि तिच्यात शिरांची हिरवी जाळी उठून दिसत असेल, तर लोह कमी पडतंय. खालची जुनी पानं पिवळी होताना देठापाशी हिरवा त्रिकोण शिल्लक राहत असेल, तर मॅग्नेशियम. जुनं पान शिरांसकट सरसकट फिकट झालं असेल तर नत्र. त्याला हिराकस, चिलेटेड लोह, एप्सम सॉल्ट यांपैकी काही नको, गांडूळखत आणि थोडी शेंगपेंड पुरते. आणि पान हिरवं, पण मधली शीरच पिवळी असेल तर दुकानाकडे वळूच नका. तिथे बहुधा मुळाला किंवा खोडाला इजा झालेली असते.

कुंडीत सगळ्यात जास्त दिसते ती लोहाची तक्रार, आणि पैसे वाया जातात तेही तिथेच. देशावरची काळी माती बऱ्याच ठिकाणी चुनखडीची, त्यात बोअरचं क्षारयुक्त पाणी. कुंडीतल्या मातीचा सामू (पीएच) हळूहळू चढतो, आणि मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही.

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, यातलं सगळ्यात स्वस्त. खडे फिकट हिरवे असावेत. तपकिरी पडलेली पुडी घेऊ नका. बोअरच्या पाण्यात ते विरघळवलंत तर थोड्या वेळात पाणी गढूळ, गंजकट होतं. तो गंजच असतो, आणि कुंडीत ओतल्यावर मातीतही हेच घडतं. म्हणून अशा ठिकाणी हिराकस मातीत घालण्यात अर्थ नाही. फवारणीला चालेल: लिटरभर गोड्या पाण्यात दोन ग्रॅम हिराकस, चिमूटभर सायट्रिक ॲसिड, आणि वेळ संध्याकाळची. प्रमाण वाढवलंत तर कोवळी पानं करपतात. शिवाय जिथे थेंब पडतो तेवढाच भाग हिरवा होतो आणि पुढची पालवी पुन्हा पिवळीच येते. बाल्कनीच्या पांढऱ्या फरशीवर पडलेले डाग मात्र टिकतात.

चिलेटेड लोह म्हणजे मातीत गंजून अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह. ते घेताना हे रसायन कोणतं, ते लेबलवर नीट वाचा. ईडीटीए प्रकारात लोह साधारण १२ टक्के, ईडीडीएचए प्रकारात ६ टक्के, आणि किंमत मात्र उलटी. साहजिकच माणूस १२ टक्क्यांवाला उचलतो. पण ईडीटीएची पकड सामू साडेसहाच्या वर गेला की सुटायला लागते. ईडीडीएचए नऊपर्यंत टिकतं. बोअरचं पाणी आणि काळी माती असेल तर माझं मत सरळ आहे: ईडीडीएचएची लहान पुडी घ्या, अर्धा चहाचा चमचा दोन लिटर पाण्यात विरघळवून ओल्या मातीत घाला. पाणी लालभडक होतं, घाबरू नका. हे फवारायचं नाही, मातीतूनच द्यायचं. मुंबईत तलावाचं गोडं पाणी किंवा कोकणातली लाल माती असेल, तर एवढा खर्च करू नका. तिथे ईडीटीए किंवा नुसतं हिराकसही काम करतं.

एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, फक्त त्या हिरव्या त्रिकोणासाठी. लिटरला पाच ग्रॅम, फवारून. पालवी पिवळी असताना ते ओतत राहिलात तर लोहाचा प्रश्न तसाच राहतो आणि कुंडीत क्षार तेवढे वाढतात.

मायक्रोन्यूट्रिएंटचं मिश्रण (फवारणीचं असेल तर ग्रेड २ मागा) मी एकाच परिस्थितीत घेईन: नवी पानं बारीक, अरुंद आणि हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची येत असतील तेव्हा. तिथे जस्त कमी असतं, आणि सोबत लोह-मँगनीजही बहुतेक वेळा कमी असतं. या मिश्रणात मॅग्नेशियम नसतं, हे लक्षात असू द्या.

पण यातलं काहीही आणण्याआधी कुंडीत एक बारीक काडी खोलवर खुपसून बघा. वरची माती कोरडी आणि काडीला खाली चिखल लागला, वास कुबट, तर निचरा बंद आहे. नर्सरीतून आलेला चिकट लाल मातीचा गोळा तसाच मोठ्या कुंडीत ठेवला की हे हमखास होतं: पाणी गोळ्याच्या कडेने निघून जातं किंवा आतच अडकून बसतं. अशा मुळांना कुठलंही चिलेट उपयोगी नाही. झाड काढा, काळी पडलेली मुळं छाटा, माती-शेणखतात जाडी वाळू मिसळून पुन्हा लावा. खर्च सगळ्यात कमी, मेहनत सगळ्यात जास्त, आणि माझ्या मते निम्म्या पिवळ्या लिंबांना लागतं तेच.

उपाय लागू पडला की नाही ते पुढच्या पालवीवरून ठरवा. जुनी पानं पूर्वीसारखी हिरवी होतीलच असं नाही, आणि ती तोडायचीही घाई नको. डिसेंबर-जानेवारीत पिवळेपणा दिसला तर आधी पाणी कमी करा आणि थंडी सरेपर्यंत खरेदी पुढे ढकला. गार मातीत मुळं मंदावलेली असतात, आणि ऊन वाढल्यावर बरीच झाडं आपसूक सुधारतात.