जुन्या फोर बाय फोरवर घरी केलेली कामं: काही महिन्यांच्या वापरानंतर

ही गाडी म्हणजे शिडी-चेसिसवरची (शिडीसारख्या सांगाड्यावरची) जुनी पेट्रोल फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी गाडी. पुढे-मागे सलग ॲक्सल, चारही कोपऱ्यांत पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग), पार्ट-टाइम ट्रान्सफर केस (हवी तेव्हाच पुढच्या चाकांनाही ताकद देणारी गियरपेटी), पुढच्या ॲक्सलच्या टोकांना बंद गोळ्याचे नकल (चाक वळवणारे सांधे), मागे ड्रम ब्रेक. या पिढीच्या बऱ्याच गाड्या याच घडणीच्या असल्यामुळे खालचं बरंचसं इतर बनावटींनाही लागू पडेल. टॉर्क (बोल्ट किती आवळायचा) आणि प्रीलोड (बेअरिंगवर बसवतानाच ठेवलेला दाब) यांचे आकडे मात्र आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावेत. सगळी कामं घरीच केली, आणि नंतर गाडी चिखल, ओढे, खडक, डांबर अशी सगळीकडे चालवली. मत आधीच सांगून टाकतो: सील, ब्रीदर (ॲक्सल-गियरबॉक्समधली हवा आत-बाहेर होण्याची वाट) आणि अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची जोडणी) यांवर घातलेला वेळ सगळ्यात जास्त फळला. उंची वाढवणं आणि मोठे टायर यांनी जेवढं दिलं, तेवढी नवी कामंही मागे लावली.

पाना हातात घेण्याआधी हँडब्रेक कुठे बसवलाय ते बघा. अनेक जुन्या फोर बाय फोरमध्ये तो मागच्या चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर (ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर) असतो. मागचं एकच चाक जॅकने उचललं की साधा डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी ॲक्सलमधली गियररचना) उचललेल्या चाकाला उलटं फिरू देतो, आणि शाफ्ट घट्ट धरलेला असूनही गाडी घरंगळते. गियरमध्ये ठेवली तरी तेच होतं. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे आणि वजन जॅक स्टँडवर, एवढं झाल्याशिवाय गाडीखाली जायचं नाही.

पुढचा नकल

चाकाच्या आतल्या बाजूला काळं, पातळ तेल दिसायला लागलं की बहुतेक जण नकलच्या ग्रीस पॉइंटमधून आणखी ग्रीस मारतात. त्याने काहीच सुटत नाही. ॲक्सल ट्यूबच्या टोकाला एक आतलं सील असतं. ते गेलं की डिफरन्शियलचं गियर ऑइल नकलमध्ये शिरतं, तिथलं ग्रीस पातळ होतं आणि ते मिश्रण गोळ्यावरून बाहेर ओघळतं. गळती दिसते बाहेरच्या, गोळ्यावरून पुसत फिरणाऱ्या वायपर सीलजवळ, म्हणून फक्त तेच बदललं जातं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. आतलं सील आधी, वायपर नंतर. आणि दोन्ही बाजू एकदमच करा, कारण दोन्ही सीलचं वय सारखंच असतं.

प्रत्येक बाजूला आतलं ॲक्सल सील, वरचं-खालचं किंगपिन बेअरिंग (ज्यांवर नकल वळतो), नकलचा वायपर संच, हबचं (चाक बसतं त्या भागाचं) सील, स्पिंडलचं (हब फिरतो त्या दांड्याचं) गॅसकेट आणि हब नटचा लॉक वॉशर एवढं नवं हवं. सीव्ही जॉइंटसाठी (वळलेल्या चाकाकडेही ताकद नेणाऱ्या शाफ्टच्या सांध्यासाठी) मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं लिथियम ग्रीस, चाकाच्या बेअरिंगसाठी जास्त तापमानाचं लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस. जुनं ग्रीस नक्की कोणतं ते माहीत नसेल तर सगळं पुसून, धुऊन काढा. पॉलियुरिया ग्रीसमध्ये लिथियमचं मिसळलं तर मिश्रण बऱ्याचदा पातळ होऊन वाहून जातं.

खोलताना कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) तारेने टांगा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका. किंगपिनच्या वरच्या आणि खालच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. त्या फक्त घट्टपणा ठरवत नाहीत, नकल गोळ्याच्या मध्यावर राहण्याचं कामही त्यांचंच असतं. वरच्या-खालच्या शिमची अदलाबदल झाली तर वायपर सील एका बाजूने घासतं. सीलची जागा शाफ्टवर जिथे येते तिथून नख फिरवून बघा. नख अडकण्याइतकी खाच पडली असेल तर नवं सीलही गळणार. जागा असेल तर सील एक-दीड मिमी कमी खोल बसवा, म्हणजे त्याची कड ताज्या पृष्ठभागावर चालते. शाफ्ट परत घालताना तो हाताने उचलून धरायचा. त्याचे दाते नव्या सीलच्या कडेवरून घासत नेले तर गाडी जमिनीवर यायच्या आधीच सील फाटलेलं असतं. बरीचशी कामं इथेच वाया जातात.

गोळ्यावरचा गंज आधी ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने काढला. खोल खड्डे राहिले तिथे धातूसाठीचं इपॉक्सी भरून सपाट घासलं. खड्डे तसेच सोडले तर त्यांच्या कडा रबर कापतात.

प्रीलोड मोजायला साधा स्प्रिंग काटा पुरतो. वायपर सील आणि टाय रॉड (दोन्ही नकल जोडणारा दांडा) न जोडता काट्याचा हुक नकल आर्मच्या टाय रॉडच्या भोकात अडकवायचा, काटकोनात ओढायचं आणि नकल हलायला लागतो तो आकडा वाचायचा. कमी भरला तर शिम काढायची, जास्त भरला तर घालायची. प्रीलोड सैल राहिला की ६०-७० च्या वेगात एखाद्या खड्ड्यानंतर स्टिअरिंग थरथरायला लागतं, आणि लोक चाकांचं बॅलन्सिंग करत बसतात. नकलमध्ये ग्रीस दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांशच भरायचं. गच्च भरलं तर ते तापून फुगतं आणि सील बाहेर ढकलतं.

चाकाचं बेअरिंग बसवताना हब फिरवत नट आवळायचा, मग सैल करून मॅन्युअलप्रमाणे हलका आवळायचा आणि लॉक वॉशरची पाकळी वाकवायची. या नटसाठी योग्य सॉकेट घ्याच. छिन्नी-हातोडीने फिरवलेल्या नटचा घट्टपणा कुणालाच सांगता येत नाही, आणि सुटलेली धातूची कीस थेट बेअरिंगमध्ये जाते.

आता काही महिन्यांनी दोन्ही गोळ्यांवर ग्रीसचा पातळ थर आहे, आणि तो असायलाच हवा. पूर्ण कोरडा गोळा चांगला नाही, वायपर तिथे लवकर झिजतो. टायरच्या आत तेलाचा डाग नाही आणि स्टिअरिंग आपसूक मध्यावर येतं. या गाडीवर केलेलं हे सर्वांत मोलाचं काम.

ब्रीदर आणि तेल

रस्त्यावर धावून तापलेला ॲक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकुंचन पावते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर तो पाणीच ओढतो, आणि चिखलाने बुजला असेल तर सीलच्या कडेतून पाणी शिरतं. याच्या उलट, ॲक्सल तापताना बुजलेला ब्रीदर हवा सोडत नाही आणि दाबाने तेल सीलमधून बाहेर येतं. नवी सील लगेच गळायला लागली तर सीलला दोष देण्याआधी ब्रीदरमधून फुंकून बघा.

पुढचा-मागचा डिफरन्शियल, गियरबॉक्स आणि ट्रान्सफर केस या चारही ठिकाणांहून ८ मिमीची फ्युएल होज बॉनेटखाली फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) वरच्या कडेपर्यंत नेली. ॲक्सल पूर्ण खाली लोंबकळतो तेव्हाही होज ताणली जाऊ नये, म्हणून दोन्ही चाकं हवेत ठेवून लांबी मोजायची. मध्ये कुठे झोळ पडू देऊ नका, तिथे पाणी साचून होज बंद होते. सायलेन्सरपासून लांब ठेवा. टोकाला छोटं फिल्टर, तोंड खाली. ओढ्यांतून इतक्यांदा जाऊनही तेलात पाणी आलेलं नाही. तपासायला सोपं आहे: फिलर प्लगमधून बोट घालून बघायचं. तेल दुधाळ झालं असेल तर पाणी गेलंय, आणि ते त्याच आठवड्यात बदलायला हवं.

तेल बदलताना आधी फिलर प्लग सैल करा, ड्रेन नंतर. उलट केलं आणि फिलर जाम निघाला तर रिकामा ॲक्सल घेऊन बसावं लागतं. डिफरन्शियलमध्ये जीएल-५ दर्जाचं, ८०डब्ल्यू-९० जाडीचं गियर ऑइल. गियरबॉक्समध्ये मॅन्युअल जीएल-४ सांगत असेल तर जीएल-४ च घाला. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं काही पितळी सिंक्रो रिंगांना (गियर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) मानवत नाहीत, शिवाय ते तेल जास्त निसरडं असल्याने सिंक्रो पकडत नाही आणि गियर कुरकुरत पडतात.

मॅन्युअल फ्री-व्हीलिंग हब (हाताने डायल फिरवून पुढची चाकं शाफ्टपासून सोडवणारे) लावल्यावर पुढचे शाफ्ट, डिफरन्शियल आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट रोजच्या रस्त्यावर फिरायचे थांबले. आवाज आणि कंप कमी झाले, पेट्रोलमध्ये मात्र फरक इतका थोडा की त्यासाठी हे हब घेऊ नयेत. आत ग्रीसचा हलका हात पुरे. कोंबलं तर डायल फिरतो आणि आतली रिंग पूर्ण बसत नाही. महिन्यातून एकदा हब लॉक करून १५-२० किमी टू-व्हीलमध्येच चालवतो, म्हणजे पुढच्या गियरांना आणि वरच्या बेअरिंगना तेल मिळतं. कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकायची नाही: पुढची-मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण शाफ्टमध्ये साठतो.

पाटे, उंची, टायर

पाट्यांना पॉलियुरेथेनचे बुश (टोकांच्या सांध्यांत बसणाऱ्या मऊ नळ्या) घातले. गाडी वळणावर कमी झुलते, पण खडबडीत रस्त्याचे धक्के जास्त जाणवतात. कोरडे पडले की किरकिरतात. सिलिकॉन ग्रीस लावून बसवले तेव्हापासून शांत आहेत. माझ्या मते मंद वेगाने खडकांवर चालणाऱ्या गाडीला रबरच बरं, कारण पाट्याला पीळ पडताना रबर वाकतं आणि पॉलियुरेथेन अडून बसतं. रबराचे बुश घातले तर शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळा. हवेत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पाटा ॲक्सलला धरणारे यू-बोल्ट काढले की नवेच घाला, आणि ५०० किमीनंतर पुन्हा टॉर्क करा.

उंचीचं गणित असं: शॅकल ५० मिमी लांब केली तर गाडी साधारण २५ मिमीच उचलते. शॅकल पुढच्या पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर ते टोक खाली जातं, ॲक्सल पुढे कलतो, कास्टर (चाक वळतं त्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवावं लागतं. पाचरी घालून कास्टर परत आणला की पिनियनचं (डिफरन्शियलमध्ये शाफ्ट जोडला जातो त्या गियरचं) तोंड खाली जातं आणि शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो. म्हणजे एक धरलं की दुसरं सुटतं. सगळं मिळून ५० मिमीच्या पुढे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. ब्रेकच्या होजची लांबी ॲक्सल पूर्ण लोंबकळलेला असताना, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा.

मागच्या ॲक्सलला दांड्याने जोडलेला लोड-सेन्सिंग (गाडीतल्या वजनाप्रमाणे दाब बदलणारा) ब्रेक व्हॉल्व्ह असेल तर उंची वाढल्यावर त्याला गाडी कायम रिकामी वाटते आणि मागच्या ब्रेकचा दाब तो कमी करतो. दांडा पुन्हा जुळवावाच लागतो. हे काम हमखास राहून जातं, आणि मग ब्रेक लागत नाही म्हणून पॅड बदलले जातात.

टायरचा व्यास ६८० मिमीवरून ७३५ केला तर ८ टक्के वाढ होते: काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६५ ने चाललेली असते. चढावर पाचवा गियर निरुपयोगी होतो आणि ब्रेकलाही जास्त जोर लागतो. खडकात पकड खरंच वाढली, पण तितकीच पकड जुन्या टायरमध्ये हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवून मिळत होती.

वायरिंग आणि गंज

हेडलाइटला रिले (थोड्या प्रवाहाने जास्त प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) लावणं हे अर्ध्या दिवसाचं काम. जुन्या स्विचमधून आणि बारीक वायरींतून येताना व्होल्टेज पडतं. हॅलोजनला १० टक्के कमी मिळालं तर उजेड साधारण ३० टक्के घटतो. बॅटरीपासून ४ चौरस मिमीची वायर, बॅटरीच्या वीतभर अंतरात फ्यूज, तिथून रिलेची ३० नंबरची पिन, आणि ८७ नंबरच्या पिनवरून दिवे. जुनी दिव्याची वायर ८६ ला, ८५ अर्थला. लो आणि हाय बीमला वेगळे रिले.

त्याआधी अर्थ तपासा. मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या मोकळ्या धातूवर ठेवून स्टार्टर मारायचा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी किंवा तिचा बोल्ट खराब आहे. इंजिनचा अर्थ गेला की स्टार्टरचा प्रवाह ॲक्सिलरेटर आणि क्लचच्या केबलमधून वाट काढतो, त्या तापून आतून चिकटतात. जाड नवी पट्टी, घासून चकचकीत केलेली जागा आणि वरून ग्रीस, एवढ्याने स्टार्टरचा आवाजच बदलला.

चेसिसच्या गंजावर जाड रबरी थर मारू नका. गंजावर मारलेला थर कडेने सुटतो, मागे ओल धरतो आणि पत्रा आतून जातो. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढून, चेसिसच्या पोकळीत लांब नळीने मेणाचा फवारा मारला. तो पातळ राहतो, फटींत शिरतो आणि दरवर्षी पुन्हा मारता येतो. फवारल्यानंतर काही तास चेसिसच्या खालच्या निचऱ्याच्या भोकांतून मेण ठिबकायला हवं. एखाद्या भोकातून ठिबकत नसेल तर ते चिखलाने बुजलंय. जाड तार घालून मोकळं करा आणि तेवढा भाग वाळल्यावर पुन्हा फवारा.