एएमटी गाडीचे आठ महिने: रेल्वे गेट, उसाचे ट्रॅक्टर आणि चोर्ला घाट

दसऱ्याला घेतलेल्या गाडीचे आता ९,००० किलोमीटर झाले. घर बेळगावात शहापूरला, नोकरी खानापूरला. डावा गुडघा फार दुखायला लागला तेव्हा क्लचची गाडी नकोच, असं ठरवलं. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर हे ऑटोमॅटिकचे महाग प्रकार खिशाला परवडेनात, म्हणून त्यातल्या त्यात स्वस्त ऑटोमॅटिक, एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) घेतली. त्याच मॉडेलच्या मॅन्युअलपेक्षा ५० हजार जास्त पडले.

शहरात पैसे वसूल झाले. टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट पडून उघडलं की गर्दीत इंच इंच सरकायचं. ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी आपली आपण हळू पुढं जाते. खडे बाजारातही तेच. गुडघ्याला खरंच आराम पडला.

पण एएमटीचा गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलचाच असतो, हे मला शोरूममध्ये कुणी सांगितलं नाही. क्लचप्लेटही असतेच. क्लच दाबायचं नि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. म्हणून पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी थबकते नि मान पुढं जाते. त्या वेळी ॲक्सिलरेटर किंचित सैल सोडायचा, हिसका बराच कमी होतो. हे जमायला मला महिना लागला.

माहेर चिकोडीकडं. गळीत हंगामात त्या रस्त्यावर पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, समोरून बस. मी जोरात ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी खालचा गिअर घेईपर्यंत क्षणभर ढिम्म! पोटात गोळाच आला. तेव्हापासून मॅन्युअल मोडमध्ये (यात गिअर आपण निवडायचा) आधी तिसरा टाकते, पिकअप आला की मगच ओव्हरटेक करते.

जूनमध्ये चोर्ला घाटातून गोव्याला गेलो. कणकुंबी सोडली तसं धुकं आणि पाऊस. उतारावर ‘डी’मध्ये (गिअर गाडीच बदलते तो मोड) ठेवली तर वेग वाढतच जातो, सारखा ब्रेक दाबावा लागतो. मॅन्युअलमध्ये दुसरा टाकला की इंजिनच गाडी धरून ठेवतं. परत येताना चढावर वाहनं खोळंबली होती. माझ्या गाडीत हिल होल्ड (चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) नाही, ती मागं सरकायला लागली. ॲक्सिलरेटरवर तोलून धरली, तर क्लच जळाल्याचा वास आला! असं कधीच करू नका. हँडब्रेक ओढायचा, ॲक्सिलरेटर थोडा दाबायचा, मग हँडब्रेक सोडायचा.

आणखी एक, हिला ‘पी’ (पार्किंगचा गिअर) नाही. उतारावर लावताना गिअरमध्येच बंद करायची, वर हँडब्रेक.

टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर घेऊन भागत नाही. चढावर थांबवून पुन्हा उचलून बघा, चढावरच रिव्हर्सही घेऊन बघा. रोजचं जाणं-येणं आमच्यासारखं असेल तर मी एएमटीच घ्या म्हणेन. दर आठवड्याला घाट असेल तर थोडं थांबून, पैसे साठवून टॉर्क कन्व्हर्टर घ्यावी.

१०,००० किलोमीटरला सर्व्हिसिंग आहे. घाटातल्या त्या वासामुळं क्लच तपासायला आवर्जून सांगणार आहे.