आरएक्स 100चे ऑइल पाइप: नवे टाकावे, की पंपच काढून मिक्स मारावं?

यामाहाच्या आरएक्स 100 या टू-स्ट्रोक मोटरसायकलच्या बाजूच्या कव्हरखाली ओशटपणा दिसू लागला, किंवा क्लिपजवळ पाइप तडकलेला सापडला, की तळकोकणातल्या गॅरेजांत हमखास मिळणारा सल्ला असा: "तो पंप कित्याक होयो? काडून टाक आनी मिक्स मार." म्हणजे ऑइलचा पंप काढून ऑइल थेट पेट्रोलात मिसळ. सल्ला वाईट नाही. तो सगळ्यांना सरसकट दिला जातो, ही माझी तक्रार. सावंतवाडीहून दर आठवड्याला आंबोली चढणारा माणूस आणि गणपतीला नि शिमग्याला गावी येऊन पडवीतली गाडी बाहेर काढणारा चाकरमानी, या दोघांना एकच औषध कसं चालेल?

ही गाडी आपल्याकडे 1985 ते 1996 बनली. म्हणजे सगळ्यांत धाकटी आरएक्स 100सुद्धा आता तिशीच्या घरात आहे. तिच्यावर कारखान्यात बसवलेला पाइप अजून असेल, तर तो बदलायचा की नाही हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न आहे तो त्याच्या जागी काय घालायचं हा.

आधी थोडं पंपाबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. यामाहाने 1964च्या वायए6 या मॉडेलवर ऑटोल्यूब, म्हणजे पंपाने आपोआप ऑइल देणारी व्यवस्था, आणलं. कव्हरमागच्या टाकीतलं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलाबरोबर जळणारं ऑइल) जाड पाइपातून आपल्या वजनाने पंपात उतरतं. पंप ते मोजून बारीक पाइपातून इनटेककडे, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल शिरतं त्या वाटेकडे, ढकलतो. किती ढकलायचं हे दोन गोष्टींवर ठरतं: इंजिन किती फिरतंय आणि ॲक्सिलरेटर किती पिळलाय. म्हणूनच ॲक्सिलरेटरच्या केबलला दोन फाटे असतात, एक कार्ब्युरेटरला आणि एक पंपाला.

गंमत म्हणजे दुनियेच्या दुसऱ्या टोकाच्या एका आरएक्सवाल्यांतही हाच वाद चालतो. माझ्दाच्या आरएक्स-7 या रोटरी इंजिनाच्या गाडीत रोटरच्या, म्हणजे पिस्टनच्या जागी फिरणाऱ्या भागाच्या, टोकांवरच्या सीलना ऑइल लागतं. इंजिनचंच ऑइल एक पंप बारीक प्लॅस्टिकच्या नळ्यांतून आत सोडतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्या नळ्या काचेसारख्या कडक होतात आणि शेजारचं काही खोलताना हात लागला तरी मोडतात. तिथेही एक पक्ष नव्या नळ्या टाकतो, दुसरा पेट्रोलात टू-टी ऑइल मिसळतो. फक्त त्यांना आपल्यासारखा पावसाळा नाही, आणि मटेरियलची निवड तिथेच फिरते.

जाड पाइप: टाकी ते पंप

इथे दाब जवळजवळ नसतोच. त्यामुळे दुकानात मिळणारा साधा, काळा नायट्राइल रबराचा पेट्रोल पाइप मापाचा असला तर उत्तम चालतो. तो ऑइलने फुगत नाही आणि निपलवर (पाइप ज्यावर चढवतात त्या छोट्या तोंडावर) घट्ट बसतो. त्याचा शत्रू ऊन आणि हवा. काही वर्षांनी बाहेरून बारीक चिरा पडतात, तेव्हा बदलायचा. आतलं ऑइल दिसत नाही, एवढीच त्याची खोट.

दिसावं म्हणून लोक पारदर्शक पीव्हीसी घालतात. फिश टँकची नळी, प्रसंगी सलाइनची नळीसुद्धा लावलेली दिसते. पहिले काही महिने छान वाटतं, बुडबुडा आला तर लगेच कळतं. मग ऑइल त्या प्लॅस्टिकमधला मऊपणा शोषून घेतं. नळी पिवळी पडते, कडक होते, आखडते आणि एका खड्ड्यात निपलवरून निसटते. रस्त्यात अडचण आली तर घरी पोचण्यापुरती ठीक, पण कायमची नको.

पॉलियुरेथेन, म्हणजे ते रंगीत, चकचकीत, पारदर्शक पाइप, पाहायला सगळ्यांत देखणे. ऑइल किंवा पेट्रोल त्यांचं फारसं काही बिघडवत नाही. त्यांना बाधते ती दमट हवा. पॉलिएस्टर जातीचं पॉलियुरेथेन उष्णता आणि ओल एकत्र मिळाली की आतून सुटत जातं, आधी चिकट होतं आणि मग फाटतं. पॉलिइथर जातीचं बरंच टिकतं. पण काउंटरवर पाइप हातात घेऊन ही जात कोणती हे दुकानदारही सांगू शकत नाही. देशावरच्या कोरड्या हवेत तो बिनघोर वापरा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो अशा रत्नागिरीत वापरायचाच असेल, तर दर दुसऱ्या पावसाळ्याआधी बदलायची तयारी ठेवा.

सिलिकॉनच्या वाटेला जाऊ नका. ते उष्णता झकास सोसतं, पण ऑइलने फुगतं. व्हायटन रबर उष्णता, ऑइल, पेट्रोल सगळं सोसतं, पण महाग आहे आणि बहुतेक वेळा मुंबईहून किंवा कोल्हापूरहून मागवावं लागतं. जाड पाइपासाठी तो खर्च मला पटत नाही.

बारीक पाइप: पंप ते इनटेक

खरी गफलत इथे होते. पंप एका वेळी थेंबाचा अंश ढकलतो. पाइप आतून मोठा असला तर तो भरायलाच जास्त ऑइल लागतं आणि आत हवा अडकून बसते. भिंत मऊ असली तर पंपाचा धक्का पाइप फुगवण्यातच जिरतो. "हा थोडा मोठा आहे, पण क्लिप मारली की बसेल" असं कुणी म्हणालं, तर पाइप परत द्या. कंपनीच्या मापाचा, आतून तितकाच बारीक आणि भिंतीने घट्ट पाइपच हवा. सिलिंडर जवळ असल्याने उष्णताही लागते, तेव्हा व्हायटनवर पैसे टाकायचेच तर ते इथे टाका. ओरिजिनल म्हणून विकलेल्या पाकिटातही डुप्लिकेट निघतो. हलकेच दुमडून सोडा. वळावर पांढरी रेघ उमटली किंवा पाइप पटकन सरळ झाला नाही, तर तो घेऊ नका.

क्लिप स्प्रिंगचीच लावा. तारेचा पीळ मारला तर तार पाइप कापते. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेत साध्या क्लिपा लवकर गंजतात, म्हणून पाइप बदलताना जुन्या क्लिपा परत घालू नयेत.

पंप काढून मिक्स

मिक्सचा गुण उघड आहे: तुटायला, गळायला, तपासायला काही उरत नाही. पेट्रोलच्या प्रत्येक थेंबात ऑइल. चेतक आणि लुना चालवलेल्या पिढीला हे नवं नाही, आणि होडीच्या टू-स्ट्रोक मशीनवाल्यांचा तर हात बसलेला असतो. हिशोबही सोपा. 1:40ने 5 लिटर पेट्रोलात 125 मिलिलिटर ऑइल, 1:50ने 100. ऑइल आधी ओतायचं, पेट्रोल त्यावर. उलट केलं तर जड ऑइल तळाला, थेट टाकीखालच्या पेट्रोल कॉकच्या तोंडाशी जाऊन बसतं.

आता घाटाकडे या. आंबोलीहून दाणोलीकडे किंवा आंबा घाटातून साखरप्याकडे उतरताना आपण गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून देतो. इंजिन जोरात फिरत असतं, पण आत पेट्रोल नावापुरतं जातं. मिक्सच्या गाडीत पेट्रोल नाही म्हणजे ऑइलही नाही. पंप असेल तर ॲक्सिलरेटर बंद असतानाही तो किमान स्ट्रोकवर चालत राहतो, आणि इंजिन जितकं फिरेल तितक्या वेळा थोडंथोडं ऑइल देतो. लांब उतारावर पिस्टन वाचतो तो यामुळे. मिक्सवाल्याला उतारावर अधूनमधून ॲक्सिलरेटर देत राहावं लागतं. न्यूट्रलमध्ये उतरणं हा त्यावरचा उपाय नव्हे. त्या वळणांवर इंजिनचा ब्रेक हवाच.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. आता पेट्रोल पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली आणि टाकीत पुरेसं पाणी शिरलं, तर इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतात. मिसळलेलं ऑइल मात्र वरच्या पेट्रोलात राहतं. कॉक तळातून ओढतो, म्हणजे इंजिनला आधी ऑइलविना माल मिळतो. त्यामुळे वर्षातून दोनदा गाडी काढणाऱ्याने जुन्या मिक्सवर किक मारू नये. मुंबईला परतताना टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामं करून जावं. पंप असलेली गाडी उभी राहिली तरी ऑइल आपल्या टाकीत सुरक्षित असतं, मात्र कधीकधी ते झिरपत इंजिनात उतरतं आणि पहिल्या किकला अंगणभर धूर होतो. धुराने काही बिघडत नाही. उंदराने पाइप कुरतडला असेल तर बिघडतं, तेवढं किक मारण्याआधी वाकून बघावं.

विसराळूपणा दोन्हीकडे महागात पडतो. पंपवाला ऑइलची टाकी बघायला विसरतो. मिक्सवाल्याची गाडी भाचा घेऊन जातो आणि साधं पेट्रोल भरून आणतो.

मग कुणी काय करावं

रोज किंवा दर आठवड्याला चालवत असाल, घाट वाटेत असेल आणि पंप धड असेल, तर पंप ठेवा. जाड पाइप नायट्राइलचा, बारीक कंपनीच्या मापाचा. दोन्ही पाइपांचा खर्च रिबोअर (झिजलेला सिलिंडर आतून घासून घेणं) आणि नव्या पिस्टनपुढे किरकोळ आहे. पंपाचं सीलच गळत असेल, आत झीज झाली असेल आणि खात्रीचा पंप मिळत नसेल, तर मिक्सवर जा आणि पश्चात्ताप करू नका. अर्धवट पंपापेक्षा प्रामाणिक मिक्स बरं. किनाऱ्यालगत सपाटीवरच फिरणाऱ्यालाही मिक्स चालेल.

पंप काढलात तर त्याची जागा पॅकिंग घालून पट्टीने बंद करा आणि इनटेकवरचं ऑइलचं निपल पक्कं बुजवा. हे निपल उघडं राहिलं तर तिथून हवा ओढली जाते, हवेच्या मानाने पेट्रोल आणि ऑइल कमी पडतं आणि गाडी सीझ होते, म्हणजे पिस्टन सिलिंडरात अडकतो. मग लोक दोष मिक्सला देतात. काढलेला पंप ऑइल लावून डब्यात ठेवा, भंगारात देऊ नका.

पंप चालू ठेवून वर पेट्रोलातही थोडं ऑइल घालणारे बरेच आहेत. कायमची ती सवय म्हणजे काळा प्लग आणि तुंबलेला सायलेन्सर.

पाइप टाकल्यावर हवा काढणं हे अर्धं काम आहे, आणि गर्दीच्या दिवशी गॅरेजात तेच राहून जातं. ऑइलची टाकी भरा, पंपावरचा एअर स्क्रू सैल करा आणि बुडबुडे थांबून सलग ऑइल येईपर्यंत वाहू द्या. बारीक पाइप सिरिंजने ऑइल भरूनच जोडा. मग टाकीत 1:50चं मिक्स घालून गाडी चालू करा आणि स्लोवर असताना पंपाची केबल हाताने पूर्ण ओढून धरा, म्हणजे उरलेली हवा निघून जाते. धूर दाट झाला की ऑइल पोचलं. पहिले 2 लिटर तरी हे मिक्सच जाळा, आणि त्यानंतर ऑइलच्या टाकीतली पातळी खाली गेलीय की नाही हे पाहूनच साधं पेट्रोल भरा.